वीस तारखेनंतर या

काकूंची वही : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि बहुतेक पंचविशीच्या आसपासच्या मुलामुलींची. रडगाणं सगळ्यांचं एकच, पैसे टिकत नाहीत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख सांगते. १९८६ ते २०१७ अशी एकतीस वर्षं मी इंदुरात पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता भरायच्या खात्याची, एजंट होते. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना असं भारदस्त नाव होतं त्याला. लोक मात्र म्हणायचे, 'पोस्टवाली भाभी'. सकाळी स्वयंपाक आटपून रामबागेतून लूनावर निघायचं. खांद्याला रेग्झिनची पिशवी, पिशवीत दोनशेच्या वर कार्डं. नारायणबाग, लोकमान्यनगर करत पार पाटणीपुऱ्यापर्यंत जायचं, दारोदार हप्ते गोळा करायचे, कार्डावर सही करायची आणि पोस्टात सगळ्यांचा मिळून लॉट भरायचा. अर्थशास्त्र मी शिकलेली नाही. कोणाचा पैसा साठतो आणि कोणाचा नाही, एवढं मात्र लोकांच्या उंबऱ्यावर उभं राहून पाहिलंय.

प्रश्न : काकू, मी २५ वर्षांचा, मूळ बुऱ्हाणपूरचा. विजयनगरला एका कंपनीत आहे, हातात ३१,००० येतात. सुखलियात दोघांत एक कमरा, माझ्या वाटणीचं भाडं ५,५००. डबा ३,२००. बाइकचा हप्ता ४,३५० (३६ पैकी १४ भरले). मोबाइलचा 'नो कॉस्ट' हप्ता २,०००. पेट्रोल २,४००, घरी आईला ५,०००, रिचार्ज वगैरे ९००. अठरा तारखेला खातं रिकामं. ॲपमध्ये खर्च लिहून पाहिला. सकाळचे पोहे-जलेबी बंद केले. दोन महिन्यांत ८०० वाचले आणि तिसऱ्या महिन्यात वैतागून १,९०० चे बूट घेतले. मला बचत जमतच नाही असं वाटतं.

उत्तर : आधी पोहे सुरू कर. इंदुरात राहून सकाळचे पोहे सोडणारा माणूस तिसऱ्या महिन्यात बूट घेणारच, त्यात तुझा काही दोष नाही.

आता तुझ्या यादीकडे येऊ. मी बेरीज केली, २३,३५० होतात. म्हणजे ७,६५० उरतात आणि त्यांचा पत्रात कुठे पत्ता नाही. भाडं रुपयासकट लिहिलंस, रिचार्ज लिहिलास, आणि महिन्याच्या चौथाईचा हिशेब गायब. मला वाटतं तो रात्री अकरा वाजता दारात येतो, कागदी पिशवीतून. डबा संध्याकाळी सातला येतो, तू दहाला पोचतोस, तोवर पोळी वातड झालेली असते. मग मोबाइल हातात घेतोस. मी चुकत असेन तर कळव. पण चुकत नसेन तर आधी डबेवाल्या बाईंशी बोल. नुसती भाजी आणि भात घे, नाहीतर पोळी तव्यावर पाणी शिंपडून गरम करून घे किंवा उशिराच्या वेळचा डबा लाव. डबा गार होतो म्हणून माणूस कर्जात जातो, हे मी पाहिलंय.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र मला पटलं नाही. बचत जमत नाही म्हणतोस, पण बाइकचा एकही हप्ता चुकवलेला दिसत नाही. १४ गुणिले ४,३५०, म्हणजे ६०,९०० रुपये. चौदा महिन्यांत तू मुकाट्याने एवढे बाजूला काढलेस. फक्त ते दुसऱ्यासाठी काढलेस. आईसाठी पाच हजार तेही काढलेसच. म्हणजे शिस्त तुझ्याकडे भरपूर आहे. बाइकवाल्यांनी तिला तारीख लावली, तू लावली नाहीस, एवढाच फरक.

पाटणीपुऱ्यात माझे एक शिंपी होते. लूना दाराशी थांबली की मशीन न थांबवता म्हणायचे, 'भाभीजी, बीस तारीख के बाद आना.' वीसला गेलं की, 'अब तो पहली को ही बनेगा.' पहिलीला गेलं की दुकानाला कुलूप. आरडीचा नियम असा की लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. मग दोन महिन्यांच्या आत मागचे सगळे हप्ते दंडासकट भरून ते पुन्हा सुरू करावं लागतं. दंड शंभरामागे महिन्याला एक रुपया. शिंप्यांचं खातं मी तीनदा जिवंत केलं, चौथ्यांदा ते गेलंच.

त्याच गल्लीत एक इस्त्रीवाली बाई होती. कमाई शिंप्याच्या निम्मीही नसेल. पाच तारखेला मी कोपऱ्यावर वळले की ती टेबलावरच्या चादरीची घडी उलगडायची. तिसऱ्या घडीत शंभराची नोट ठेवलेली असायची, वरून इस्त्री फिरून फिरून नव्या नोटेसारखी कडक झालेली. हातात घेतली की कोमट लागायची. तिला मी एकदा विचारलं, महिनाभर या नोटेला हात कसा लागत नाही? म्हणाली, 'वो तो आपकी है, मेरी थोड़े ही है.' बाईंची तीन खाती पूर्ण झाली.

तर आता तुझ्यासाठी. पगार एक तारखेला होतो असं धरते. दोन तारखेला २,००० आरडीत आणि १,५०० दुसऱ्या बँकेतल्या खात्यात, दोन्ही आपोआप गेले पाहिजेत. दुसऱ्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही, कार्डही आईकडे बुऱ्हाणपूरला ठेव. राहिले ४,१५०. ते एकदम हाताशी ठेवू नकोस. दर रविवारी एक हजार फिरण्या-खाण्याच्या खात्यात टाक. चार रविवारांचे चार हजार, महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांना दीडशे. शनिवारी खातं कोरडं पडलं तर एक दिवस कळ काढायची आहे, अठरा तारखेपासून बारा दिवस नाही. खर्च लिहायचं ते ॲप काढून टाक, त्याने कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. (आमच्या ह्यांनी वीस वर्षं डायरी लिहिली. भेंडी चार रुपये, दाढीचं पातं दोन रुपये. बचत शून्य, अक्षर मात्र सुंदर.)

एक गोष्ट तुमच्या पिढीला खरंच अवघड झालीय, हे मी मान्य करते. आम्हाला शंभराची नोट मोडायचं जिवावर यायचं. मोडली की संपली, हे सगळ्यांना माहीत. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि नोट मोडणं हा प्रकारच राहिला नाही. म्हणून रविवारचे हजार. ती तुझी नोट समज.

पोस्टाच्या आरडीला सध्या ६.७ टक्के व्याज आहे, दर तिमाहीला चक्रवाढ. महिना २,००० म्हणजे पाच वर्षांत तू भरशील १ लाख २० हजार, मिळतील सुमारे १ लाख ४२ हजार ७००. फार नाहीत, मला माहीत आहे. माझ्या पिशवीच्या सुरुवातीच्या काळात व्याज दोन आकड्यांत होतं. म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली गुंतवणूक, वाईट नाही, पुढे तीही कर. पण तुझ्यासारख्याला आधी असा पैसा हवा, जो बाजार पडला म्हणून कमी होणार नाही. आणि बाइकचे बावीस हप्ते संपले की तेविसाव्या महिन्यात त्याच तारखेला तोच ४,३५० चा आकडा आरडीकडे वळव. तो पैसा तुझ्या अंगवळणी पडलाय, गेलेला तुला कळणारही नाही. सुखलियाहून विजयनगरला २,४०० चं पेट्रोल कसं लागतं, हे मात्र मला अजून समजलेलं नाही.

दुसऱ्या खात्यातले दीड हजार कशाला, असं विचारशील. इंदूरची एक मोठी कापड मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. तिथल्या कामगारांची राहिलेली देणी त्यांच्या हातात पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. माझ्या कार्डांतली अकरा त्या मिलमधल्या घरांची होती. आज ना उद्या भोंगा पुन्हा वाजेल म्हणत पहिले तीन-चार महिने लोक थांबले आणि त्या तीन-चार महिन्यांतच घरातली भांडी गेली. ज्यांच्या आरडीला बारा हप्ते झाले होते, त्यांना जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळालं, त्यांचं निभावलं. तुझी कंपनी काचेची असेल, मिल विटांची होती. तीन महिन्यांचं भाडं, डबा आणि आईचे पाच हजार एवढे साठेपर्यंत ते खातं विसरून जा. आईचे कापू नकोस.

मोबाइलचा हप्ता भरतो आहेस तो भर. पुढच्या वेळी दुकानात एवढंच विचार, 'रोख दिले तर किती?' हप्त्यावर व्याज नाही असं कोणी म्हणालं, तर ते किमतीत घातलेलं असतं किंवा रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट तुला मिळत नाही. वर प्रक्रिया शुल्क लावतात. बँक कागदावर व्याज दाखवते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुझ्याच बिलात येतो. बिलाची चौथी ओळ वाच.

प्रश्न : काकू, ऑफिसमधला एक जण म्हणतो, एका ॲपवर पैसे लाव, महिन्याला पाच टक्के मिळतात. त्याला दोनदा मिळालेत, मी स्वतः पाहिलं. आईची भिशीही आहे, तिच्यात घालू का? वय २३, वैशालीनगर.

उत्तर : महिन्याला पाच टक्के म्हणजे पैसे किती दिवसांत दुप्पट होतात, ते आधी काढ. बहात्तरला व्याजाच्या दराने भागायचं. ७२ भागिले ५ म्हणजे साडेचौदा महिने, सव्वा वर्षही नाही. पोस्टात याच हिशेबाने पावणेअकरा वर्षं लागतात. आता तूच सांग, एवढी कमाई असलेला माणूस तुझ्या दहा हजारांसाठी तुझ्या ऑफिसात कशाला येईल?

मी हे फार शहाणपणाने सांगतेय असं समजू नकोस. १९९५ च्या सुमारास सागवानाच्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. हजार रुपयांत एक रोप तुमच्या नावावर, वीस वर्षांनी झाड तोडलं की पन्नास हजार. मी लोकांना दिवसभर पोस्टाच्या गोष्टी सांगायचे आणि घरी कोणाला न सांगता बारा रोपं घेतली. १२,००० रुपये, तेव्हाचे. कागद काय सुंदर होता! जाड, गुळगुळीत, भोवती हिरव्या पानांची वेल आणि मधोमध सोनेरी शिक्का. पहिल्या वर्षी कंपनीने रोपांच्या 'वाढीचा' फोटोसुद्धा पाठवला. दुसऱ्या वर्षी ऑफिसच्या जागी झेरॉक्सचं दुकान होतं. ह्यांना मी २००३ पर्यंत सांगितलं नाही. कागद अजून ट्रंकेत आहे, त्याच्या मागे नातीने हत्ती काढलाय.

तुझ्या मित्राला दोनदा मिळाले, कारण तिसऱ्याने भरले. पैसे एखाद्या माणसाच्या खाजगी यूपीआयवर मागत असतील तर तिथेच समज. मित्राला हे दाखव, पटलं तर ठीक. आणि फसल्याचं कळलं तर लाज धरून बसू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरावर फोन करा. उशीर झाला की पैसा पाच खाती फिरून गेलेला असतो.

भिशीचं वेगळं आहे. बारा बायका, दोन-दोन हजार, महिन्याला एकीला चोवीस हजार. व्याज नाही, पण बाराजणींची नजर तुझ्यावर असते, हप्ता चुकवायची सोय नाही. आईच्या भिशीत सगळ्या एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जाणाऱ्या असतील तर खुशाल घाल. तिथे कुणी 'माझ्या ओळखीचे वीस जण आणखी घेते' म्हणाली की बाहेर पड. त्या पैशाला कायद्याचा आधार शोधत बसावं लागतं. बँकेत एका माणसाच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, भिशीवाल्या काकूंना नसतो.

प्रश्न : दोन वर्षांनी पहिली नोकरी सोडली. पीएफमध्ये ४८,००० आहेत. मैत्रिणी अंदमानला चालल्यात. काढू का? घरी कोणी नाही म्हणत नाहीये. वय २४.

उत्तर : घरी कोणी नाही म्हणत नाही, म्हणून मला विचारतेस! बरं, मी म्हणते. काढू नकोस.

पीएफवर २०२४-२५ साली ८.२५ टक्के व्याज मिळालं. ७२ ला भाग दिला तर पावणेनऊ वर्षांत दुप्पट. तू साठीला येशील तेव्हा चारदा दुप्पट होऊन झालेले असतील. ४८ चे ९६ हजार, मग १ लाख ९२, मग ३ लाख ८४, मग ७ लाख ६८ हजार. व्याजदर असाच राहील असं कोणी सांगितलेलं नाही, पण तू एक रुपयाही न घालता काय होतं, ते कळावं म्हणून लिहिलं. आणि त्यातले काही पैसे कंपनीने घातलेत. पाच वर्षांची सलग नोकरी व्हायच्या आत काढलेस तर ती रक्कम कराच्या हिशेबात येते, ते वेगळंच.

नव्या नोकरीत जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, दे आणि जुन्या खात्यातले पैसे नव्यात वळव. कंपनीतल्या कोणी 'नवीन उघडून देतो' म्हटलं तर नको म्हण. दोन-दोन नंबर करून बसलेल्या मुली मी पाहिल्यात. मग नावातल्या एका वेलांटीसाठी आठ महिने अर्ज करत बसतात. आधार, पॅन आणि कंपनीचा कागद, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघ.

अंदमानला जाऊ नकोस असं मी म्हटलेलं नाही. बँकेत बारा महिन्यांची आरडी उघड, दोन हजारांची. पुढच्या वर्षी चोवीस हजार आणि वर थोडं व्याज. मैत्रिणी या वर्षी जाऊन आल्या की कुठलं हॉटेल घाण आहे, तेही तुला फुकटात कळेल.

प्रश्न : मित्रमैत्रिणी दर शनिवारी छप्पन दुकानला नाहीतर सराफ्यात खायला नेतात. मी खर्च करत नाही म्हणून 'कंजूस' नाव पडलंय. काय करू?

उत्तर : स्वतःचे पैसे न देता दुसऱ्याच्या प्लेटमधलं खातेस का? खात असशील तर नाव बरोबर आहे. खात नसशील तर महिन्यातून दोन शनिवार जा, आपल्या वाटणीचं पटकन दे आणि उरलेले दोन शनिवार 'या वेळी नाही जमत' एवढंच म्हण, कारण सांगू नकोस. कारण सांगितलं की वाद होतो.

प्रश्न : काकू, मी जळगावहून लिहितेय. मुलगा २२ वर्षांचा, इंदुरात भंवरकुआँला राहून स्पर्धा परीक्षा देतो. आम्ही महिन्याला ९,००० पाठवतो. गेल्या वेळी आला तेव्हा अभिमानाने म्हणाला, 'आई, या तीन महिन्यांत सहा हजार वाचवले.' पण गालफडं बसलीत, रोज पित्ताची गोळी घेतो. दुपारी पाकिटातले नूडल्स, रात्री बिस्किटं. काटकसरी मुलगा म्हणून खूश व्हावं की रागवावं?

उत्तर : ताई, पोर गुणी आहे, रागवू नका. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होईल. सहा हजार वाचवले ते एका सलाइनच्या बिलात जातील आणि परीक्षेचे दोन महिने वर. हे उत्तर त्यालाच वाचायला द्या. पुढचं त्याच्यासाठी लिहिते.

बाळा, तुझ्या मजल्यावर आणखी तीन मुलं असतीलच. चौघांनी मिळून एक तीन लिटरचा कुकर घ्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाने सियागंजला जायचं. तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, जाडे पोहे, शेंगदाणे, गूळ, तेल. घाऊक बाजार आहे, एकट्याला पाव किलो मागशील तर दुकानदार वर बघणार नाही. चौघांचं मिळून पाच-पाच किलो घेतलंस तर भाव कोपऱ्यावरच्या किराण्यापेक्षा बरा लागतो. भाजीला चोइथराम मंडी तुमच्या बाजूलाच आहे, पण तिथेही माल ढिगाने असतो, म्हणून बटाटे-कांदे-लसूण तेवढे तिथून आणा. पालेभाजी रात्री आठनंतर गाडीवरून घ्या, भैयाला घरी जायचं असतं.

मुगाच्या खिचडीला कोणी शिकवावं लागत नाही. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवायचे. कुकरमध्येच चमचाभर तेल, जिरं, हळद, हिंग, मूठभर शेंगदाणे, त्यावर तांदूळ-डाळ परतून चार वाट्या पाणी, मीठ. तीन शिट्ट्या. झाकण पडेपर्यंत थांब, घाई केलीस तर शेंगदाणे कच्चे राहतात. वरून जिरावण (इंदुरी पोह्यांवरचा मसाला) भुरभुरलं आणि सोबत दह्याची वाटी घेतली की दोघांचं भागतं. भिजवणं सोडलं तर पंचवीस मिनिटं लागतात, त्यातली वीस तू चालू घडामोडी वाचू शकतोस.

घरमालक इंडक्शनची शेगडी लावू देतो का, ते आधी विचारून घे, आणि सबमीटरचं युनिट कितीला लावतो तेही विचार. मध्य प्रदेशात घरगुती जोडणीवर महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. सहा कमऱ्यांचं एकच मीटर असेल तर तो फायदा तुमच्यापर्यंत येत नाही आणि तुमच्या खिचडीला महाग वीज लागते. मग पाच किलोचा छोटा सिलिंडर पावतीसकट घ्या, गल्लीतून भरून दिलेला नको.

वाचवायचंच असेल तर पुस्तकांत वाचव. खजुरी बाजारात गेल्या वर्षीच्या मुलांची पुस्तकं निम्म्या किमतीला मिळतात, त्यांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. कधी कधी खुणाच जास्त कामाच्या. बसून वाचायला अहिल्या केंद्रीय पुस्तकालय आहे. वाचनाच्या खोलीचे महिन्याला हजार-बाराशे देत असशील तर आधी तिथे चार दिवस जाऊन बघ.

आणि ताई, त्याने वाचवलेले सहा हजार परत घेऊ नका. त्याच्याच नावावर राहू द्या.

प्रश्न : काकू, तुम्ही स्वतः कशावर उधळता ते एकदा तरी सांगा!

उत्तर : सांगते, पण आमच्या सुनेला हा अंक देऊ नका. 'सानंद' या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेचं वर्षभराचं सभासदत्व मी दरवर्षी घेते आणि नाटकाला जाताना बसने जात नाही, रिक्षा करते. रेशमी साडी नेसून बसच्या दांड्याला लोंबकळायचं वय राहिलं नाही. दुसरं म्हणजे गराडू, तळून खायचा कंद. थंडी पडली की सराफ्यात रात्री दहाला गराडूच्या कढईपाशी उभी राहते. तो आधी तळून ठेवलेले तुकडे पुन्हा कढईत टाकतो, कडा लाल झाल्या की काढतो, वर लिंबू पिळतो आणि जिरावण इतकं टाकतो की नाकात जातं. एक प्लेट ह्यांना नेते म्हणून बांधून घेते. रामबागेपर्यंत ती पोचत नाही.